ऑपरेशन उत्तम, घरी सोडल्यानंतरची सोय मात्र अपुरी

२०२०मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, ह्यांचं मूत्राशय रोबोटिक पद्धतीने काढलं. कॅन्सर स्नायूपर्यंत गेला होता. निदानानंतर तीन महिन्यांहून जास्त उशीर केला तर धोका वाढतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, त्यामुळे साथ ओसरायची वाट बघणं शक्यच नव्हतं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पण ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय त्यांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

सर्जनना पूर्ण गुण. रक्तस्राव कमी, जखमा छोट्या, दुसऱ्या दिवशी हे खुर्चीत बसले. पण छेद लहान म्हणून ऑपरेशन लहान समजू नका. मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट जातं, लहान आतड्याचा वीतभर तुकडा कापून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या, जोडतात आणि त्याचं तोंड पोटावर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्यावर चिकटवलेल्या पिशवीत लघवी साठते. आतलं जोडकाम ओपन ऑपरेशनइतकंच असतं. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त पेशंटना काही ना काही त्रास होतो. ह्यांची आतडी लवकर चालूच होईनात, पोट फुगलं, नाकातून नळी घालावी लागली. भेटायला बंदी होती. वॉर्डातल्या सिस्टर संध्याकाळी फोनवर ह्यांचा चेहरा दाखवायच्या, तेवढाच आधार.

खरी परीक्षा घरी आल्यावर झाली. मूत्रवाहिन्यांत तात्पुरत्या ठेवलेल्या बारीक नळ्या, म्हणजे स्टेंट, काढल्यानंतर ह्यांना थंडी वाजून ताप आला. हॉस्पिटलच्या हेल्पलाइनला फोन केला तर ताप म्हटल्याबरोबर पुढचं काही ऐकायलाच तयार नाहीत: आरटीपीसीआर करा, वेगळ्या खोलीत ठेवा, रिपोर्ट आला की कळवा. साथीचे दिवस होते, टेस्ट हवीच, मान्य. पण मूत्राशय काढलेल्या माणसाला ताप आला की आधी किडनीचं इन्फेक्शन आठवायला हवं. तेवढा एक प्रश्न तिथे कोणाच्या कागदावर नव्हता, याचा मला अजूनही राग येतो.

वाचवलं ते स्टोमा नर्सने. पिशवीची चकती कशी कापायची हे त्या व्हिडिओ कॉलवर शिकवत होत्या. सुरुवातीचे काही आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी मोजून भोक कापायचं, कडेची कातडी लघवीत भिजता कामा नये. पिशवी सकाळी काही प्यायच्या आधी बदलायची. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरायचं नाही, तो आतड्याचा चिकट स्राव. त्या दिवशी त्यांनी तापाचं नुसतं ऐकलं आणि विचारलं, "काकू, सकाळपासून पिशवीत किती साठलंय? कुशीत दुखतंय का?" नेहमीच्या निम्मीसुद्धा लघवी नव्हती, आणि उजवी कुशी दुखत होती. त्यांनी स्वतः युरोलॉजीच्या डॉक्टरांना उठवलं. रात्रीच ॲडमिट, सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली. जोडाशी अडथळा होता. पाठीतून नळी घालून लघवीला वाट दिली, शिरेतून अँटिबायोटिक. कोविड निगेटिव्ह.

ऑपरेशनला पाच तारे, स्टोमा नर्सना पाच, हेल्पलाइनला एक. डिस्चार्जच्या वेळी युरोलॉजी वॉर्डाचा थेट नंबर मागून घ्या. ताप, कुशीत दुखणं, लघवी कमी होणं, पाय सुजणं यांपैकी काहीही झालं तर कोणाला फोन करायचा, ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या. आणि रक्त न गोठण्याची पोटातली इंजेक्शनं घरी चालू ठेवायला सांगितली असतील, तर ती कोण देणार हेही तिथेच ठरवा.