डांबरी रस्त्याची ताकद: बेंकेलमन बीम की एफडब्ल्यूडी?

नागपुरातील डांबरी रस्त्याची ताकद केवळ वरच्या भेगांवरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण दुखणे अनेकदा खालच्या काळ्या मातीत असते. बेंकेलमन बीम, म्हणजे भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणारा लांब दांडा, ही पद्धत स्वस्त आहे: मागच्या आसावर ८१७० किलो भार असलेल्या ट्रकच्या जुळ्या चाकांमध्ये बीमचे टोक ठेवायचे, ट्रक संथपणे पुढे न्यायचा आणि भार हटल्यावर रस्ता किती वर येतो ते डायलवर वाचायचे. मात्र दोष डांबरात, खडीत की मातीत, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (एफडब्ल्यूडी), म्हणजे वजन पाडून रस्त्याचे दबणे मोजणारे यंत्र, ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर सुमारे ४० किलोन्यूटनचा क्षणिक आघात देऊन ओळीने लावलेल्या जिओफोनांनी (कंपन टिपणाऱ्या संवेदकांनी) त्या आघाताने क्षणभर पडणाऱ्या खळग्याचा आकार टिपते, आणि त्यावरून थरनिहाय ताठरता काढता येते. गावरस्त्याला बीम पुरेसा आहे. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीकडच्या जड ट्रकांखालील डांबरी रस्त्यासाठी मी एफडब्ल्यूडीचाच आग्रह धरेन. चाचणी कोणतीही असो, ती पावसाळा संपताच, माती ओली असताना घ्यावी.