ग्लव्ह बॉक्सचं लॉक काढून परत बसवलं, त्याला आता आठ महिने झाले

गाडीला पंचवीस वर्षं कधीच उलटून गेलीत. खड्डा आला की ग्लव्ह बॉक्सचं, म्हणजे शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याचं, झाकण आपोआप उघडायचं आणि कागदपत्रं, टॉर्च, हवा मोजायचा गेज असा सगळा संसार शेजारच्याच्या मांडीवर यायचा. वर्षभर झाकणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचून भागवलं. शेवटी बायको म्हणाली, "हे एकदा नीट कर, नाहीतर मी मागच्या सीटवर बसते." मग हात घातला.

आधी शहाणपणा करून गाडीच्या कंपनीचं नसलेलं, बाहेरचं नवं लॉक आणून ठेवलं होतं. त्याची जीभ, म्हणजे झाकण अडकवून धरणारा खटका, मूळ लॉकपेक्षा आखूड निघाली आणि किल्ली अर्थातच वेगळी. म्हणून जुनंच उघडून बघायचं ठरवलं.

माझ्या गाडीत झाकणाच्या आतला पत्रा चार स्क्रूंवर आहे. तो काढला की लॉकमागची चपटी गोल रिंग दिसते. काही गाड्यांत रिंगेऐवजी पोलादी क्लिप असते, ती बाजूला सरकवून काढावी लागते. रिंग सैल करताना पक्कड जपून वापरा. हे लॉक जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, दाब जास्त झाला तर ते वाकत नाही, सरळ तडकतं. आणि खटका अडकतो ती समोरची पट्टी सोडवायची असेल तर आधी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून घ्या. मी मारली नाही, आणि परत बसवताना त्या एका पट्टीपायी तासभर गेला.

खरी गंमत लॉकच्या आतल्या, किल्ली जिच्यात जाते त्या नळीची. किल्ली आत ठेवून बाजूच्या बारीक भोकातून सुईने दाबलं की नळी किल्लीसकट बाहेर येते. इथपर्यंत छान जमलं. मग मी सवयीने किल्ली उपसली. नळीच्या खाचांतल्या दोन पितळी पत्त्या टेबलावर पडल्या आणि त्यांच्या स्प्रिंगा, तांदळाच्या दाण्याएवढ्या, कुठे उडाल्या ते कळलंच नाही. एक मॅटखाली सापडली, दुसरी दुसऱ्या दिवशी झाडताना. असलं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं, हे तेव्हा कळलं. कुठली पत्ती कुठल्या खाचेत, ते किल्लीच सांगते: किल्ली घातल्यावर सगळ्या पत्त्या नळीच्या पृष्ठभागाशी सपाट बसल्या पाहिजेत. एखादी नखाला लागली तर ती चुकीच्या घरात आहे. दोन पत्त्या आलटून पालटून बघितल्या तेव्हा लागलं.

आत सापडला तो काळा लगदा. दरवेळी किल्ली अडली की मी तेल मारत होतो, त्यावर धूळ बसून त्याचं मलम झालं होतं. त्यामुळे जीभ अर्धीच बाहेर यायची. सगळं धुऊन, वाळवून चिमूटभर ग्रॅफाइट पावडर टाकली. पण खरं सांगायचं तर दोष निम्मा लॉकचा आणि निम्मा समोरच्या पट्टीचा होता. तिची भोकं लांबट असतात, स्क्रू सैल पडल्यामुळे ती जवळपास 2 मिमी खाली घसरली होती. लॉक न उघडता आधी हेच बघायला हवं होतं.

परत बसवताना प्लॅस्टिकमधले स्क्रू आधी थोडे उलटे फिरवले. टक् असं जाणवलं की समजायचं, स्क्रू जुन्या आट्यांवर आला. मग आवळला. नाहीतर तो नवे आटे पाडत जातो आणि दोन-तीनदा काढ-घाल झाली की पकडच धरत नाही.

आता वापराचं. झाकण त्या दिवसापासून एकदाही आपोआप उघडलेलं नाही. पहिले दोन महिने सुखाचे गेले, मग खडखड सुरू झाली. झाकणाच्या कोपऱ्यातलं एक रबरी बूच आधीपासूनच गायब होतं, त्याजागी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, तो चेपून पातळ झाला. दुहेरी तुकडा लावला आणि नवीच भानगड झाली: झाकण पूर्ण दाबलंच जाईना, आतला दिवा विझेना आणि सकाळी बॅटरी मेलेली. फोनवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवला आणि झाकण लावलं, तेव्हा दिवा जळताना पकडला. आता एक तुकडा जाड आणि कड तासलेली, असं जमलंय.

दमट दिवसांत किल्ली थोडी जड फिरते. पाचव्या महिन्यात पुन्हा चिमूटभर ग्रॅफाइट घातलं, तेलाचा डबा हाताशी असूनही. लॉकवरचा क्रोम सोलवटतोय, त्याला माझ्याकडे इलाज नाही. आणि हे लॉक चोरासाठी नाही बरं का, एक जाड स्क्रूड्रायव्हर खुपसला की संपलं. त्यामुळे पैसे-बिसे मी अजूनही आत ठेवत नाही. कागद मात्र जागच्या जागी राहतात, आणि शेजारची सीट परत भरलेली असते.