गेमिंग पीसी अपग्रेड, अकरा महिन्यांनंतर: सगळं बदललं, एसएमपीएस तेवढा राहिला

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून गेम चालू असताना पीसी बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. खटकन अंधार, आणि दोन-तीन सेकंदांनी मशीन आपलं आपण पुन्हा सुरू. ब्राउझर, व्हिडिओ, ऑफिसचं काम दिवसभर चाललं तरी काही नाही. ‘सायबरपंक’ लावला की वीस मिनिटांत घात. म्हणून आधी एसएमपीएसबद्दल, म्हणजे घरची वीज पार्टांना लागेल तशी करून देणाऱ्या पॉवर सप्लायबद्दल लिहितो, बाकीचे पार्ट नंतर.

मशीन असं होतं: बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. जूनअखेरीस अपग्रेड झालं ते असं: ८-८ जीबीच्या दोन स्टिकांचा ३२०० स्पीडचा रॅम किट, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएस जुनाच ठेवला. डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलंय, मग पुरेल, हा हिशेब. तोच चुकला.

एसएमपीएसच्या बाजूला जे लेबल असतं त्यावर एक छोटा तक्ता असतो. त्यातली १२ व्होल्टची ओळ तेवढी वाचा. या युनिटवर तिथे २० अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉट. उरलेले दोनशे दहा वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी जमेला धरून दाखवलेले, ज्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. आता खर्चाची बाजू बघा. आरएक्स ६६०० चे १३२ वॉट, ५६०० चे जास्तीत जास्त ७६, पंखे-बोर्ड-ड्राइव्ह मिळून २५-३० धरा. बेरीज २४० च्या अगदी तोंडाशी. गेममध्ये प्रोसेसर पूर्ण ७६ सहसा ओढत नाही, त्यामुळे कागदावर हे कसंबसं बसतं. पण कार्डचे १३२ हे सरासरीचे असतात. काही मिलिसेकंदांपुरतं कार्ड त्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि ती उसळी झेपली नाही की एसएमपीएसचं संरक्षण मशीन बंद करतं.

मग जुलै ते मार्च कसं निभावलं? स्वस्त युनिटची क्षमता बहुतेकदा २५ अंश तापमानाला मोजलेली असते. चांगल्या युनिटची ४० किंवा ५० अंशांना. नागपुरात एप्रिलच्या दुपारी खोलीच ३८-३९ वर, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तिथे २४० चे २४० राहत नाहीत. पावसाळ्यात बसवलेलं अपग्रेड पहिला उन्हाळा बघेपर्यंत पास झालं असं समजू नये.

दोष शोधताना दोन दिवस वाया गेले, ते तुमचे जाऊ नयेत. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं आणि लोक लगेच पॉवरवर बोट ठेवतात. पण ती नोंद फक्त ‘मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं’ एवढंच सांगते, कारण सांगत नाही. म्हणून क्रमाने जा. तापमान वगैरे मोजणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरचं लॉगिंग चालू ठेवून बंद पडण्याच्या क्षणीचं प्रोसेसरचं आणि कार्डचं तापमान बघा. इथे दोन्ही मर्यादेत होती. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावा. रॅम स्वच्छ निघाली. मग गेमला सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला. कार्डचा भार उतरला आणि बंद पडणं थांबलं. मर्यादा काढली की पुन्हा सुरू. इथे संशय जवळजवळ खात्रीत बदलतो. शेवटी दुसऱ्या मशीनमधला चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा. तो लावताना त्याच्या केबलीसकट लावा. मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दिसायला सारख्या असल्या तरी युनिटच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. जुन्या केबली नव्या युनिटला लावून हार्ड डिस्क जाळलेले लोक कमी नाहीत.

युनिट बाहेर काढल्यावर अजून एक गोष्ट दिसली. जुन्या कार्डला ६ पिन पुरत होत्या, नव्याला ८ लागतात, म्हणून दुकानातून मोलेक्सच्या (जुन्या चार पिनी प्लगच्या) दोन टोकांचा कन्व्हर्टर आला होता. ती दोन्ही टोकं एसएमपीएसच्या एकाच केबलच्या माळेवर लावलेली. म्हणजे ८ पिनच्या प्लगमध्ये तीन तारांनी जो १२ व्होल्टचा प्रवाह यायला हवा, तो सगळा एका तारेतून. मोलेक्सचा पांढरा प्लग पिवळा पडून एका बाजूने मऊ झाला होता. ‘कन्व्हर्टर चालतो’ असं काउंटरवर सहज सांगितलं जातं. चालत नाही. एसएमपीएसला स्वतःची ६+२ पिन केबल नसेल, तर त्या कार्डसाठी तो एसएमपीएस नाही, इतकं ते साधं आहे.

वॉरंटीचं काय झालं तेही लिहितो. युनिटवर मुदत शिल्लक होती, पण बिल कच्चं. सर्व्हिस सेंटरने पक्क्या जीएसटी बिलाशिवाय हात लावायला नकार दिला, आणि ज्या दुकानातून घेतलं त्यांनी ‘सिरियल नंबर आमच्या रजिस्टरला नाही’ म्हणून सांगितलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलात वाचलेले पैसे एका फेरीत जातात.

आता ५५० वॉटचं ८० प्लस ब्राँझ युनिट आहे, १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते याचा आहे, आतल्या मालाच्या दर्जाचा नाही, हे लक्षात ठेवून अँपिअर आणि वॉरंटीची वर्षंच बघा. मे महिना पूर्ण काढला, लाइट गेली ती वेळ सोडली तर एकदाही बंद पडलं नाही.

बाकीच्या पार्टांकडे वळू. पैसे कुठे घालायचे हे मोजून ठरवा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावा आणि कार्डचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर अडवणूक कार्डची. ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादाही घातलेली नसेल, तर प्रोसेसर किंवा रॅमची. खात्रीसाठी रिझोल्यूशन उतरवून ७२०पी करा: फ्रेम वाढल्या नाहीत तर नवीन कार्ड घेऊन काही हाती लागणार नाही. या मशीनवर ‘व्हॅलोरंट’ आणि ‘सीएस२’ प्रोसेसरपाशी अडत होते, ‘सायबरपंक’ कार्डपाशी. म्हणून दोन्ही बदलावे लागले.

पण सर्वात आधी रॅम. एक स्टिक म्हणजे एक चॅनेल, ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी, दोन स्टिक म्हणजे ५१.२. सरासरी फ्रेम थोड्याच वाढतात, पण मध्येच जो झटका बसतो, मान वळवली की चित्र अडखळतं, ते यानेच कमी होतं. स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, पहिल्या-दुसऱ्यात नाही. आणि बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर वर्षानुवर्षं चालते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड लिहिलेला असतो, आत्ता बघून या. २०२५ च्या उत्तरार्धात डीडीआर४ चांगलीच महागली, त्यामुळे जुन्या स्टिकला जोडीदार शोधायचा मोह होतो. चालली तर चालते, पण एक्सएमपीवर बूट होईना झालं तर स्पीड २९३३ वर उतरवून बघा.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, बायोस अपडेट करा. बी४५० वर ५००० मालिकेचा सपोर्ट मागाहून बायोसमधून येत गेला. बोर्डच्या पानावरची सपोर्ट लिस्ट वाचून नेमकी आवृत्ती घ्या, फॅट३२ पेनड्राइव्हवर टाका, आणि लाइट जाण्याच्या वेळेत हे काम करू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएमही (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) बदलतो आणि विंडोज ती की मागतं. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं भारावर चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर एएम४ चा (याच सॉकेटचा) प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात.

रायझन ७ ५७००एक्स३डी या प्रोसेसरचा मोह होता, ९६ एमबी कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). पण त्यासोबत कूलर येत नाही, आणि आरएक्स ६६०० च्या वर्गाच्या कार्डबरोबर जड गेममध्ये फरक पडतो तो थोडाच. ५६०० बद्दल तक्रार नाही. त्याच्या डब्यातल्या कूलरबद्दल मार्चपर्यंत नव्हती. मेमध्ये त्याचा आवाज हेडफोनमधून ऐकू येतो. चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर सुरुवातीलाच घ्यायला हवा होता.

आरएक्स ६६०० बद्दलही मत बदललंय. पहिले तीन महिने नुसती स्तुतीच लिहिली असती. नंतर नवे गेम अल्ट्रा टेक्स्चरवर (पृष्ठभागांच्या सर्वात बारीक चित्रांवर) लावले तेव्हा झटके परतले. कारण असं: हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या (कार्ड आणि बोर्डमधल्या डेटाच्या रस्त्याच्या) आठ लेन वापरतं, आणि बी४५० फक्त ३.० देतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबीचा रस्ता. डेटा कार्डच्या ८ जीबीत मावतो तोवर याची झळ लागत नाही. मावेनासा झाला की तो रॅममधून याच अरुंद रस्त्याने आणावा लागतो, आणि कार्डच्या स्वतःच्या मेमरीचा वेग २२४ जीबी असताना हे ८ म्हणजे थांबूनच राहणं. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणलं की झटके जातात. आरटीएक्स ४०६० लाही आठच लेन आणि ८ जीबी आहे, तेव्हा जुन्या बोर्डवर तोच प्रश्न. आरटीएक्स ३०६० १२ जीबीला सोळा लेन आहेत, पण १७० वॉट. जुन्या बोर्डवाल्याने चांगल्या एसएमपीएससह तोच घ्यावा, असं आज वाटतं. इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी असले तरी लेन आठच, आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जड जातो.

रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मांडणीच्या, डिस्कवर असेल तर मशीन बूटच होत नाही. विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने आधी व्हॅलिडेट करून मग कन्व्हर्ट करा.

सॅटा एसएसडी होती, तीच ठेवली. त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत. मॉनिटरची वायर कार्डच्या पोर्टला आहे ना आणि विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय ना, एवढं पाहा.

एक काम अजून बाकी आहे. जुना ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटचाच असतो, आणि बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही. नव्या एसएमपीएसला अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) आहे, आणि त्याचं अशा विजेशी नेहमी जमत नाही. लाइट गेली की गेममध्ये दोनपैकी एकदा मशीन बंद पडायचं. १००० व्हीए साइन वेव्ह येईपर्यंत त्या यूपीएसवर मॉनिटर आणि राउटर तेवढे ठेवलेत.