कंपोस्टचा वर्ग पैकीच्या पैकी, बाग काठावर पास, किट नापास

सिंहगड रस्त्याला एका बंगल्याच्या गच्चीवर घरच्या घरी खत आणि सेंद्रिय बाग शिकवणारी एक दिवसाची कार्यशाळा भरते. सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी "कशी आहे गं?" म्हणून विचारलं, तर एकदाच सविस्तर लिहिते. फी 1,200 रुपये, किट घेतलं तर आणखी 1,800. चालवणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण पुढे कौतुकाइतकीच कुरकुर आहे.

सकाळचं सत्र कंपोस्टचं. ताईंनी तीन बादल्या पुढे सरकवल्या, झाकणं काढली आणि म्हणाल्या, "वास घ्या." पहिलीतून अमोनियाचा असा झणका आला की पुढच्या रांगेतले काका मागे सरले. दुसरीला सडक्या अंड्यांचा वास. तिसरीला जवळपास काहीच नाही, अगदी वाकून हुंगलं तर ओल्या मातीचा. पहिलीत नुसता भाजीपाला भरलेला, म्हणजे नायट्रोजन जास्त. दुसरीत पाणी साठलेलं, हवा बंद. तिसरीत ओला कचरा आणि सुका पाला यांचा मेळ. जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन लागतो, आणि भाजीच्या देठा-सालांत कार्बन त्या मानाने कमी पडतो, म्हणून सुका पाला घालायचा. हेच गणित मी यूट्यूबवर ऐकलं होतं, पण नाकातून गेल्यावर जसं डोक्यात बसलं तसं तिथे बसलं नव्हतं.

मग मुठीची परीक्षा. बादलीतलं मूठभर घ्यायचं आणि घट्ट दाबायचं. बोटांतून धार लागली तर सुका पाला घाला, दाबूनही गोळा होत नसेल तर पाणी शिंपडा, एखाददुसरा थेंब आला तर ठीक. प्रत्येकाला तिन्ही बादल्यांतलं दाबायला लावलं. हातमोजे होते, पण ताईंनी स्वतः घातले नव्हते, मग आमचीही लाज गेली.

माझ्या सासूबाई सोबत आल्या होत्या. गावाकडचा उकिरडा बघितलेला, त्यामुळे "यात पैसे देऊन शिकायचं काय?" हे चेहऱ्यावर स्पष्ट. त्यांनीच दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. "अहो बाई, उकिरड्यातून थंडीत वाफ निघते. या बादलीतून का नाही निघत?" ताई म्हणाल्या, "काकू, ढीग लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी असला तर आतली उष्णता आत राहते, 55-60 अंशांपर्यंत जाते. बादली बाहेरूनच गार होते." म्हणून घरच्या खतात टोमॅटोच्या बिया मरत नाहीत आणि तुळशीच्या कुंडीत न लावता टोमॅटो उगवतो. सासूबाईंनी मान डोलावली. त्यानंतर त्या वही काढून बसल्या!

अळ्यांवर दिलेला वेळही मला आवडला. पावसाळ्यात बादलीत मळकट, पट्ट्या-पट्ट्यांच्या जाड अळ्या दिसतात आणि निम्मे लोक तिथेच कंपोस्ट सोडून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. मोठी झालेली माशी चावत नाही, घरातल्या माशीसारखी ताटावर घोंघावतही नाही, आणि अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. नकोच असतील तर सुक्या पाल्याचा जाड थर द्या आणि झाकणाला जाळी लावा.

सुका पाला आणायचा कुठून, हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न. उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात रस्तोरस्ती पोत्यांनी पडतो, तेव्हाच भरून ठेवायचा. शिवाय 'ब्राऊन लीफ' हा पुण्यातलाच उपक्रम आहे, पाला नकोसा झालेल्यांना आणि पाला हवा असलेल्यांना जोडून देणारा. हे ताईंनी आवर्जून सांगितलं.

जेवण साधं, झुणका-भाकरी आणि गच्चीवरचाच अंबाडीचा ठेचा. झकास.

दुपारनंतर मात्र गाडी घसरली. बागेचं सत्र दुसऱ्या एका सरांचं, आणि त्यांच्याकडे तासाभरात वीस भाज्या उरकायच्या होत्या. टोमॅटो-वांग्याला सहाएक तास थेट ऊन लागतं, हे एका वाक्यात आलं आणि गेलं. तुमच्या बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला, हे कुणालाच विचारलं नाही, आणि जाताना सरसकट सगळ्यांच्या हातात टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपं. माझ्या पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी दहानंतर ऊन नाही. तिथे पुदिना, अळू, पालक होतात. ते शिकायला मिळालं असतं तर पैसे जास्त वसूल झाले असते.

छापील टिपणात तर कहरच. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे घरोघरी पोचलेल्या जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताची, कृती दिली आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, शिवाय गोमूत्र. हे प्रमाण एका एकराचं! वन बीएचकेत 200 लिटरचं पिंप ठेवायचं कुठे, आणि ते ढवळणार कोण? कुंड्यांपुरतं प्रमाण काढून द्यायला पाच मिनिटं लागली असती.

आता किट. तोटी लावलेली प्लास्टिकची बादली, जाळी, खुरपं आणि 'कल्चर' नावाच्या पावडरीचं पाकीट. बादलीला बाजूने एकही भोक नाही, म्हणजे सकाळी शिकवलेल्या हवेच्या धड्याला दुपारी हरताळ. तोटीत गाळ बसतो. आणि पावडरीचं म्हणाल, तर ताईंनी स्वतःच सांगितलं होतं की जुनं खत ओंजळभर मागे ठेवा, दह्याच्या विरजणासारखं पुढच्या खेपेला कामाला येतं. पहिल्यांदा करत असाल तर थोडं आंबट ताक शिंपडा. मग पाकीट कशाला? मी कुंभाराकडून भोकं पाडलेला माठ घेतला. किटच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं आणि तो ड्राय बाल्कनीत दिसतोही बरा.

पुण्याच्या मिळकतकरात सवलत मिळते म्हणून कुणी जाणार असेल तर एक लक्षात घ्या: महापालिकेची ती सवलत गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांना आहे, आणि प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो. माठातल्या कंपोस्टवर ती मागायला जाऊ नका.

टोपी न्या, दुपारी गच्चीवर सावली पुरत नाही. आणि नोंदणीच्या फॉर्मवर किटच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते. पैसे भरण्याआधी ती काढा.