ओल्ड सिटी हॉल, बॉस्टन : नगरपालिका गेली, भाडेकरू आले

मृत्युपत्राच्या कामासाठी वकिलाकडे जायचं होतं. पत्ता ४५, स्कूल स्ट्रीट. "म्हणजे इथली जुनी नगरपालिका," असं मी सहज बोलून गेले आणि वाईहून आलेले बाबा इस्त्रीचा शर्ट चढवून तयार! ३१ वर्षं नगरपालिकेत काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, घरी थोडाच बसणार?

पार्क स्ट्रीट स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. इमारत १८६५ची, पांढरट ग्रॅनाइटची, वर फ्रेंच थाटाचं उभट उताराचं छप्पर. १९६९मध्ये पालिका जवळच्याच नव्या काँक्रीटच्या इमारतीत गेली. मग ही न पाडता आत ऑफिसं काढून भाड्याने दिली. अमेरिकेत असं करून वाचवलेल्या सुरुवातीच्या इमारतींपैकी ही एक. बाबांनी दगडावरून हात फिरवला, वर पाहिलं आणि विचारलं, "गळत नाही ना?"

आत मात्र त्यांचा हिरमोड झाला. नावांचा बोर्ड, लिफ्ट, बंद दारं. "जन्म-मृत्यूची खिडकी कुठं असेल गं?" म्हणत ते दोन्हीकडे बघत चालले होते. खिडकी कुठली, साधी रांगसुद्धा नाही. त्यात आमच्या वकिलाने अकराची वेळ देऊन पाऊण तास ताटकळत ठेवलं. मी चिडले, बाबा खूश. "आता जरा नगरपालिका वाटायला लागली."

त्या पाऊण तासात मी त्यांना जेम्स मायकल कर्लीची गोष्ट सांगितली. हा चार वेळा बॉस्टनचा महापौर. चौथ्या खेपेला, १९४७मध्ये, टपालातून फसवणूक केल्याबद्दल पदावर असतानाच पाच महिने तुरुंगात गेला. तेवढ्या दिवसांचा कारभार सिटी क्लार्क जॉन हाइन्सकडे. कर्ली सुटून आला आणि म्हणाला, मी नव्हतो तेव्हा पाच महिन्यांत झालं नाही तेवढं काम मी एका दिवसात केलं. हाइन्सला ते लागलं. १९४९च्या निवडणुकीत उभा राहून त्याने कर्लीला पाडलं.

"क्लार्कनं पाडलं?" बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग खुर्चीत जरा ताठ बसले.

तुम्हाला ऑफिस बघायचं असेल तर माझं मत इतकंच: पत्ता भारदस्त आहे, दगड अस्सल आहे, पण आतल्या जुन्या वैभवाच्या आशेने जाऊ नका. पैसे वसूल होतात ते पुढच्या अंगणात, आणि तिथे पैसेच लागत नाहीत. बेंजामिन फ्रँकलिनचा १८५६चा पुतळा आहे. तो ज्या शाळेत शिकला तिची जागा फुटपाथवर मोझेकमध्ये दाखवली आहे, तीही लंगडीच्या घरांसारखी. आणि एक ब्राँझचं गाढव आहे, डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह म्हणून. लोकांनी बसून बसून त्याची पाठ चकचकीत केली आहे. त्याच्यासमोर जमिनीत दोन पावलं, त्यांवर रिपब्लिकनांचे हत्ती. विरोधात असाल तर इथे उभे राहा, असं तिथे लिहिलं आहे.

बाबा दोन्ही पावलांवर नीट पाय ठेवून, हाताची घडी घालून उभे राहिले. मी फोटो काढला.

"ग्रुपवर टाकू नकोस हं," ते म्हणाले, "आपल्याकडं निवडणूक तोंडावर आहे."