कोबेनस्टाइलचं पातेलं की लोटसचा बाऊल? जुन्या सामानाच्या दुकानात एकच उचलायचं झालं तर

नोकरीनिमित्त स्वीडन किंवा नॉर्वेत येऊन घर लावणाऱ्याला जुन्या सामानाची दुकानं लवकरच सापडतात. स्वीडनमध्ये ‘म्यूरोर्ना’, नॉर्वेत ‘फ्रेटेक्स’. दोन्ही साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची. पहिलं 1896पासूनचं, दुसरं 1905पासूनचं. लोक घरातल्या वस्तू देणगी म्हणून आणून देतात आणि विक्रीतून उरलेले पैसे समाजकार्याला लागतात. खुर्ची घ्यायला गेलेला माणूस भांड्यांच्या फळीपाशी रेंगाळतो, कारण साध्या बशा-कपांच्या गर्दीत मधूनच एखादी अशी वस्तू दिसते की हातात घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. पण इथली कपाटं लहान असतात, भारतात परतताना बॅगेचं वजनही मोजून मिळतं. निवड करावीच लागते. मी एकच प्रश्न विचारते: या वस्तूचं वेगळेपण तिच्या कामातून आलंय, की वरून चढवलंय?

या प्रश्नावर घासून बघायला सगळ्यात चांगली जोडी म्हणजे एनॅमलची दोन भांडी. डॅनिश घडणीचं ‘कोबेनस्टाइल’ पातेलं आणि नॉर्वेच्या ‘कॅथरीनहोल्म’चा पानांच्या नक्षीचा ‘लोटस’ बाऊल. दोन्ही पोलादाची, दोन्ही भडक आणि सुंदर रंगांची, साधारण एकाच काळातली.

कोबेनस्टाइल 1956चं. टेड निरेनबर्ग या अमेरिकन उद्योजकाने डॅनिश शिल्पकार-कारागीर येन्स क्विस्टगार्ड यांना हाताशी धरून ‘डान्स्क’ ही कंपनी काढली, तिचं हे भांडं. पातळ पोलादाला रंगीत एनॅमल दिल्यामुळे ते बिडाच्या भांड्यासारखं मनगट मोडत नाही. खरी गंमत झाकणात आहे. झाकणाची मूठ गोल नाही, ती वरून सपाट अशी फुलीच्या आकाराची आहे. झाकण काढून उलटं ठेवलं की त्याच फुलीवर ते स्थिर बसतं आणि गरम पातेल्याखालचं स्टँड होतं. चुलीवरून थेट टेबलावर. हे कळलं की तो चमत्कारिक आकार चमत्कारिक राहत नाही, दुसरा कुठला आकार शोभलाच नसता असं वाटू लागतं.

लोटसची गोष्ट वेगळी आहे. स्वीडनच्या सीमेजवळच्या हाल्डेन गावात कॅथरीनहोल्मचा कारखाना होता. बाऊलचे आकार ग्रेटे प्रिट्झ किटेलसेन (1917–2010) यांचे. ऑस्लोच्या नामांकित सोनार घराण्यातल्या या बाईंनी दागिन्यांमधलं एनॅमलचं ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत आणलं. 1952 साली त्यांना लनिंग हे स्कँडिनेव्हियन डिझाइनचं पारितोषिक मिळालं, 1954 साली मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सर्वोच्च पुरस्कार. बाऊलच्या बाहेरून गोल फिरणारी ती टोकदार पानं मात्र त्यांची नाहीत. ती कंपनीच्या आर्ने क्लाउसेन यांनी 1960च्या दशकात काढली, आणि ग्रेटेबाईंना ती फारशी पसंत नव्हती. आकार स्वतःच्या बळावर उभा राहावा अशी त्यांची धारणा होती. आज जगभर लोक हे बाऊल त्या पानांसाठीच शोधतात. दुकानवाल्यांनाही ते माहीत असतं, म्हणून लोटस बहुधा काचेच्या कपाटात, चढ्या किमतीला दिसतो.

त्यामुळे रोजच्या वापराला एकच घ्यायचं असेल तर मी कोबेनस्टाइल म्हणेन. लोटस फक्त नक्षीवर जीव जडला असेल तरच घ्या. आणि कॅथरीनहोल्मच हवं असेल, तर पानं नसलेले, एका रंगाचे बाऊल शोधा. तोच आकार, तीच कारागिरी. फार कोणी वळून बघत नसल्याने ते खालच्या फळीवर साध्या भांड्यांत मिसळलेले सापडतात. ग्रेटेबाईंचं खरं काम तिथेच नीट दिसतं.

आता स्वयंपाकाचं. कोबेनस्टाइलचं पोलाद पातळ, त्यामुळे मधोमध लवकर तापतं. वरण, भात, सार छान होतात. खीर किंवा दाट आमटी सतत ढवळली नाही तर बुडाशी लागते. त्यात फोडणी करू नका. रिकामं भांडं कडक तापवलं की एनॅमलला तडे जातात. फोडणी कढल्यात करून वरून ओता. तळ सपाट असेल तर इंडक्शनवर चालतं, लोखंडाचाच वंश आहे. लोटसचा बाऊल चुलीसाठी नाहीच. त्यात कोशिंबीर, फळं, दिवाळीत चिवडा.

दोन्हींची तपासणी सारखीच आणि ती जराही टाळू नये. एनॅमल म्हणजे पोलादावर सुमारे 800 अंशांच्या भट्टीत वितळवून बसवलेली काच. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली तर पुन्हा लावून घेता येते; इथे टवका उडाला की घरी उपाय नाही. भांडं खिडकीपाशी न्या, आतून बोट फिरवा. बाहेरच्या काठावरची झीज चालेल, आतला टवका चालणार नाही: तिथून गंज धरतो आणि काचेचे कण अन्नात जाऊ शकतात. जुन्या लाल, नारिंगी, पिवळ्या एनॅमलमध्ये कॅडमियमचे रंग वापरले जात. म्हणून आतून झिजलेल्या भांड्यात चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट काही शिजवूही नये, ठेवूही नये.

ओळख पटवायची तर कोबेनस्टाइलच्या बुडाशी डान्स्कचा शिक्का आणि ‘आयएचक्यू’ ही क्विस्टगार्ड यांची आद्याक्षरं बघा. सुरुवातीची भांडी डेन्मार्कची, नंतरची फ्रान्सची. अलीकडे ती पुन्हा बनू लागली आहेत, तेव्हा अगदी कोरं दिसणारं भांडं कदाचित नवंच असेल. ते वाईट नाही, पण त्याला जुन्याची किंमत देऊ नका. कॅथरीनहोल्मच्या बऱ्याच भांड्यांवर शिक्का नसतो. तिथे लोहचुंबक कामाला येतं, कारण ही पानांची नक्षी आता चिनी मातीच्या भांड्यांवरही मिळते. चुंबक चिकटलं नाही तर पुढे व्हा.

ज्यांना भांडं नकोच, त्यांच्यासाठी दुसरी जोडी. ‘स्टेल्टन’ या डॅनिश कंपनीचा थर्मास आणि ‘कोस्टा बोडा’ या स्वीडिश काच-कंपनीचा ‘स्नोबॉल’ हा मेणबत्तीचा दिवा. थर्मास एरिक माग्नुसन यांचा, 1977चा. थर्मास तिरका केला की बूच आपोआप झुलून उघडतं, सरळ केला की मिटतं. एका हाताने चहा ओतता येतो. आतला काचेचा फुगा फुटला तरी नवा विकत मिळतो. बूच मात्र जागेवर आहे ना बघा, आणि थर्मास हलवून काचांचा आवाज येतो का ऐका. दुधाचा चहा ठेवणार असाल तर बूच रोज धुवायला हवं, नाहीतर वास धरतं.

स्नोबॉल आन वोल्फ यांचा, 1973चा. स्वीडिश मुलं हिवाळ्यात बर्फाचे गोळे रचून आत मेणबत्ती लावतात, त्याचं हे जाड काचेतलं रूप. स्वीडनच्या जुन्या सामानाच्या दुकानांत तो इतका दिसतो की घाई करू नये. टवका नसलेला आणि स्वस्त मिळेपर्यंत थांबावं. दिवाळी इथे ऐन अंधाराच्या दिवसांत येते, तेव्हा खिडकीत चार स्नोबॉल लावले की पणत्यांची उणीव बरीचशी भरून निघते. थर्मास की स्नोबॉल, यात मी निर्णय देणार नाही. दोघांचंही वेगळेपण कामातूनच आलेलं आहे.

लाकडी वस्तूंत डॅनिश कारागीर काई बॉयसन यांचं 1951चं माकड आणि स्वीडनच्या दालार्ना प्रांतातला रंगीत घोडा समोरासमोर येतात. माकड सागाचं आणि ‘लिंबा’ या आफ्रिकी झाडाच्या लाकडाचं, हातापायांनी कुठेही लटकतं. मूल असलेल्या घरात ते खेळणंही होतं. पण ते स्वस्तात क्वचितच मिळतं आणि नकला पुष्कळ, म्हणून तळपायावर बॉयसन यांचं नाव असल्याशिवाय जास्त पैसे मोजू नका. नुसनेस गावचा पाइनचा घोडा फक्त शोभेचा. तो हलका, स्वस्त आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत मावणारा, त्यामुळे पुण्या-नाशिकला नातेवाइकांसाठी न्यायला घोडाच बरा.