फ्लिमचा डेटा: वक्र बसवायचा की फेजर मांडायचा?

पेशीतली दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात का, हे फ्रेटने (एका चमकणाऱ्या रेणूची, म्हणजे दात्याची, ऊर्जा अगदी जवळच्या दुसऱ्याकडे, म्हणजे स्वीकारकाकडे, जाणे) पाहताना दात्याचा लाइफटाइम (उत्तेजित झाल्यावर प्रकाश सोडेपर्यंतचा सरासरी काळ) किती घटला यावर सगळी भिस्त असते; तो पिक्सेलनिहाय मोजणारे सूक्ष्मदर्शन म्हणजे फ्लिम. एम-टर्क्वॉइज-२ (एक चमकणारे प्रथिन) हा दाता एकटा असताना सुमारे ४ नॅनोसेकंद दाखवतो; स्वीकारक जवळ आला की आकडा उतरतो. हा उतार दोन रीतींनी काढता येतो: प्रकाश कसा विझत गेला त्यावर घातांकी वक्र बसवून, किंवा प्रत्येक पिक्सेल आलेखावर एक बिंदू म्हणून मांडून (फेजर). कोणती धरावी, हे सॉफ्टवेअरपेक्षा प्रत्येक पिक्सेलमध्ये किती फोटॉन जमले यावर ठरवा.

वक्र बसवताना एका घातांकाला काही शे फोटॉन पुरतात, दोन घातांकांना हजारो लागतात. जिवंत पेशीत बहुधा तेवढे मिळत नाहीत. ५×५ बिनिंगने (शेजारचे पिक्सेल एकत्र करून) फोटॉन पंचवीसपट होतात, पण पेशीपटलाची बारीक रेघ पुसली जाते. त्यापेक्षा ग्लोबल फिटिंग बरे: दोन्ही लाइफटाइम सगळ्या पिक्सेलना समान धरायचे, प्रमाण तेवढे मोकळे सोडायचे. फोटॉन कमी असतील तर वक्र बसवायला लीस्ट स्क्वेअर्सची गणिती रीत टाळा, ते लाइफटाइम चुकीचा दाखवते. मॅक्सिमम लाइकलिहूड वापरा. उपकरणाचा प्रतिसाद (आयआरएफ) त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर मोजा. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक असेल तर युरियाच्या स्फटिकाचा सेकंड हार्मोनिक (लेझरच्या निम्म्या तरंगलांबीचा, तत्क्षणी निघणारा प्रकाश) त्यासाठी चालतो.

फेजरला सुरुवातीचे अंदाज द्यावे लागत नाहीत. प्रत्येक पिक्सेलचा एक बिंदू, बस. लेझरचे ठोके ८० मेगाहर्ट्झला असतील तर ४ नॅनोसेकंदांचा बिंदू जी (आडवा अक्ष) ०.२०, एस (उभा अक्ष) ०.४० वर, म्हणजे एकच लाइफटाइम असलेले बिंदू जिथे पडतात त्या अर्धवर्तुळाच्या रेषेवरच येतो. मिश्रणे आत पडतात. कॅलिब्रेशन मात्र लाइफटाइम ठाऊक असलेल्या रंगद्रव्यावर आधी करावेच लागते. पार्श्वभूमीचा एकसारखा प्रकाश बिंदूला मूळबिंदूकडे ओढतो, म्हणून तो वजा करा.

खरी फसगत पुढेच आहे. फेजरवर दोन लाइफटाइमचे बिंदू जोडणाऱ्या रेषेवरचे अंतर प्रकाशाचा वाटा सांगते, रेणूंचा नव्हे. दात्याचे ४ (सुटे) आणि २ (जोडलेले) नॅनोसेकंदांचे रेणू निम्मे-निम्मे असले, तरी बिंदू ४ पासून एक तृतीयांश अंतरावरच पडतो. जोडलेले रेणू ५० टक्के असताना ३३ वाचले जातात! वक्रातले अ‍ॅम्प्लिट्यूड (प्रत्येक घातांकाची सुरुवातीची उंची) रेणूंचे प्रमाण थेट देतात.

तेव्हा कुठे काय बदलले हे शोधायला फेजर, किती टक्के जोडले गेले हे लिहायला ग्लोबल फिट. फक्त पाइल-अपवर (एका ठोक्यात अनेक फोटॉन आले की पहिलाच मोजला जाणे) दोन्हींकडे उतारा नाही. उजळ पिक्सेलमध्येही फोटॉनांचा वेग लेझरच्या ठोक्यांच्या १ ते ५ टक्क्यांत ठेवा, नाहीतर लाइफटाइम खोटाच घटतो आणि तो हुबेहूब फ्रेटसारखा दिसतो.